एनएसयू बुडाली ती एकट्या वांकेल इंजिनामुळे नाही

चाकोरी

जुन्या जर्मन गाड्यांचा विषय निघाला की एनएसयूचं नाव हमखास एकाच वाक्यात उरकलं जातं : वांकेल इंजिन (पिस्टनऐवजी फिरता त्रिकोणी रोटर असलेलं) करायला गेली आणि बुडाली. इथेही दोन-तीन धाग्यांवर हे वाचलं आणि दर वेळी वाईट वाटलं. १९५५ च्या सुमारास जगात सगळ्यात जास्त मोटरसायकली बनवणारी कंपनी होती ही. तिची ओळख एवढ्यावर संपावी हे मला पटत नाही. खापर वांकेलवर फुटतं, पण दुखणं त्याच्या दहा वर्षं आधीचं आहे असं माझं मत आहे. म्हणून हा धागा. लांबला आहे, सवडीने वाचा.

सुरुवात गाड्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या धंद्यातून झाली. १८७३ साली डॅन्यूबकाठच्या रीडलिंगन गावात क्रिस्टियान श्मिट आणि हाइनरिश श्टोल या दोघांनी विणकामाची यंत्रं बनवायचा कारखाना काढला. १८८० मध्ये श्मिटने बस्तान नेकारझुल्मला हलवलं. हे गाव झुल्म नदी नेकारला मिळते तिथे आहे, आणि पुढे गावाच्याच नावातली अक्षरं उचलून एनएसयू हे नाव झालं. श्मिट १८८४ मध्ये गेला, कारभार त्याचा मेहुणा गोटलोब बान्त्सहाफ याच्याकडे आला, आणि त्याने १८८६ पासून सायकली बनवायला घेतल्या. आधी पुढचं चाक माणसाएवढं असलेल्या, मग आजच्यासारख्या. १८८९ मध्ये डाइमलर आणि मायबाख यांच्या 'श्टालरादवागन' या पोलादी चाकांच्या मोटारीचा सांगाडा नेकारझुल्ममध्येच तयार झाला होता. १८९२ मध्ये विणकामाची यंत्रं बंद झाली. १९०१ मध्ये पहिली मोटरसायकल आली, तिला स्वित्झर्लंडचं झेडेल इंजिन होतं. १९०६ पर्यंत स्वतःची मोटारही रस्त्यावर आली.

पहिला तडाखा बसला तो १९२० च्या दशकात. शेजारच्या हाइलब्रॉनला मोटारींसाठी नवा कारखाना बांधला, रेसिंगमध्ये यश मिळालं, आणि पैसा संपला. दशक संपता संपता बँकांच्या दबावाखाली मोटारींचा कारखाना फियाटला विकावा लागला. करारात एनएसयूने मोटारींच्या धंद्यातून बाहेर राहण्याची अट होती. ही अट पुढे किती महागात पडली पाहा. १९३३-३४ मध्ये फर्डिनांड पोर्शे यांनी एनएसयूसाठी 'टाइप ३२' ही छोटी गाडी आखली. मागे बसवलेलं, हवेने थंड होणारं, आडव्या चार सिलिंडरचं दीड लिटरचं इंजिन आणि गोलसर पाठ. तीन नमुने तयार झाले. फियाटच्या कराराकडे बोट दाखवलं गेलं, आणि प्रकल्प थांबला. त्याच कल्पना घेऊन पुढे पोर्शेंनी बीटल केली.

युद्धात कंपनीने सैन्यासाठी 'केटनक्राड' बनवली. पुढे मोटरसायकलचं चाक आणि हँडल, मागे रणगाड्यासारखे पट्टे. जर्मनीतल्या बहुतेक कारखान्यांप्रमाणे इथेही परदेशातून जबरदस्तीने आणलेले मजूर राबवले गेले. कंपनीचा इतिहास सांगताना ते गाळू नये. १९४५ च्या वसंतात कारखाना बाँबहल्ल्यांत मोडून पडला होता.

आणि इथून पुढची दहा वर्षं म्हणजे मला एनएसयू का आवडते त्याचं उत्तर. आल्बर्ट रोडर नावाचा इंजिनिअर डिझाइनचा प्रमुख होता. १९४९ ला त्याची 'फॉक्स' आली, जेमतेम १०० सीसीची चार-स्ट्रोक. १९५० पासून इटलीच्या इनोचेंतीकडून परवाना घेऊन लॅम्ब्रेटा बनू लागली. (याच इनोचेंतीच्या परवान्यावर आपल्या मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लॅम्ब्रेटा बनवली.) १९५२ ला आली २५० सीसीची 'मॅक्स'. आणि १९५३ ला 'क्विकली', ४९ सीसी, पायडलची, सायकल आणि स्कूटर यांच्या मधली. 'आता चालणं बंद, क्विकली घ्या' अशा अर्थाची यमक जुळवलेली जाहिरात होती. दुकानदार, नर्स, पाद्री, शाळकरी पोरं, सगळ्यांनी घेतली. अकरा लाखांहून जास्त विकल्या गेल्या.

मग बाजार बसला. लोकांचे पगार वाढले, पावसात भिजत दुचाकीवर कामाला जायची त्यांना गरज उरली नाही. १९५६-५७ पासून जर्मनीतल्या दुचाकी कंपन्या पटापट आडव्या झाल्या. आडलरने टाइपरायटर धरले, डीकेडब्ल्यू-व्हिक्टोरिया-एक्सप्रेस यांना एकत्र यावं लागलं, हॉरेक्स संपली. १९५९ च्या डिसेंबरात तर बीएमडब्ल्यूदेखील डाइमलर-बेंझच्या घशात जाता जाता वाचली. एनएसयूने वेळीच मोटारींकडे मोहरा वळवला आणि १९५७ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात 'प्रिन्स' मांडली. दोन सिलिंडर, ५८३ सीसी, २० अश्वशक्ती. पुढे प्रिन्स ४, मग चार सिलिंडरची प्रिन्स १०००, आणि तिचे टीटी-टीटीएस हे चपळ भाऊ, जे डोंगरी घाटांच्या शर्यतींत मोठमोठ्या गाड्यांना दमवायचे.

माझा मुद्दा इथे आहे. मोटारी करायला घेतल्या ते बरोबरच होतं. पण त्या नादात दुचाकी सोडून दिल्या. नवीन मॉडेल्स जवळजवळ थांबली, जुनीच काही वर्षं रेटली, आणि १९६० चं दशक सरायच्या आत दुचाकींचा धंदा गुंडाळला. त्याच काळात एक जपानी कंपनी नेमकं उलट करत होती. सोइचिरो होंडा १९५४ मध्ये आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यती बघायला गेले, तेव्हा तिथे एनएसयूच्या गाड्या धुमाकूळ घालत होत्या. १९५६ ला ते आणि त्यांचे भागीदार फुजिसावा जर्मनीत मोपेड बघत फिरले. १९५८ ला होंडाची छोटी दुचाकी सुपर कब आली. होंडाने जर्मन बाजार बसला म्हणून दुचाकी सोडली नाही, जगभर विकली. त्या पैशावर मोटारी केल्या. एनएसयूकडे क्विकली होती, मॅक्स होती, रोडरसारखा माणूस होता. नव्हता तो जर्मनीबाहेरच्या गिऱ्हाइकावरचा भरवसा.

वांकेलची गोष्ट यानंतर सुरू होते. फेलिक्स वांकेलशी करार १९५१ चा, पण पहिलं इंजिन चाललं १ फेब्रुवारी १९५७ ला. त्यात आतला त्रिकोणी रोटर आणि बाहेरचं कवच दोन्ही फिरायचं. एनएसयूच्या हान्स डीटर पाश्के यांनी कवच स्थिर केलं आणि इंजिन गाडीत बसवण्याजोगं झालं. वांकेलला हा बदल अजिबात रुचला नव्हता. १९६४ पासून 'स्पायडर' विकली गेली, जगातली पहिली वांकेलवाली विक्रीची गाडी. १९६७ ला 'आरओ ८०' आली, आणि मी मुद्दाम इथेच थांबतो, कारण तिच्याबद्दल इथल्या काही जणांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

आडवाट

सुरेख लेख. विणकामाच्या यंत्रांपासूनचा भाग माहीतच नव्हता.

एक प्रश्न बऱ्याच दिवसांपासून आहे. ऑडीच्या बोधचिन्हात चार कड्या आहेत. एनएसयू ऑडीत विलीन झाली असेल तर त्यातली एक कडी एनएसयूची का?

मिसफायर

धागा आवडला, पण वांकेलला इतक्या सहज सोडू नका. मी इंजिनांच्या चाचणीच्या कामात आहे, त्यामुळे हे जरा तपशिलात लिहितो.

रोटरच्या तीन टोकांवर तीन सील, म्हणजे दाब गळू न देणाऱ्या पट्ट्या, असतात. साध्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा तेलाच्या थरावर वरखाली घसरतात आणि सिलिंडरला नेहमी एकाच बाजूने टेकतात. वांकेलमध्ये टोकाचं सील कवचाच्या आतल्या वळणावर फिरताना सतत तिरकं होत जातं, कधी डावीकडे कलतं, कधी उजवीकडे. विशिष्ट वेगाला ते थरथरायला लागतं आणि कवचाच्या आतल्या मुलाम्यावर आडव्या लाटा उमटतात. माझदाच्या लोकांनी या खुणांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हटलं होतं. सील झिजलं की दाब गळतो. दाब गळला की गाडी गरम असताना सुरू होत नाही, धूर टाकते, आणि पेट्रोल पिते.

एनएसयूला हे ठाऊक होतं. स्पायडरमध्ये ठाऊक झालं होतं. तरी आरओ ८० मध्ये दोन रोटरचं ११५ अश्वशक्तीचं इंजिन घालून गाडी बाजारात उतरवली. चाचणीच्या गाड्या हायवेवर लांब पल्ल्याला चालतात, तिथे इंजिन एका तापमानाला टिकून असतं. गिऱ्हाईक मात्र सकाळी गारठलेली गाडी काढून दोन किलोमीटरवर पाव आणायला जातो. सीलं गेली ती तिथे. शिवाय इंजिन इतकं मऊ चालायचं की किती फेऱ्यांवर आहे ते कानाला कळायचंच नाही, लोक लाल रेषेच्या पलीकडे पिळायचे. नंतर इशारा देणारा भोंगा बसवावा लागला.

कंपनीने फारशी घासाघीस न करता वॉरंटीत इंजिनं बदलून दिली. एका गाडीला दोन-दोन, तीन-तीन. रस्त्यात दोन आरओ ८० समोरासमोर आल्या की मालक एकमेकांना बोटं दाखवून कितवं इंजिन ते सांगायचे, अशी आख्यायिका आहे. लहान कंपनीला हा खर्च कसा पेलणार?

तुम्ही म्हणता दुखणं आधीचं. पण रोगी दगावला तो याच आजारात.

ओव्हरहॉल

मी दुचाकीच्या बाजूने लिहितो. चाकोरी, मॅक्स इतक्या घाईत उरकलीत!

मॅक्सचं इंजिन एकदा उघडून बघायला हवं असं आहे. चार-स्ट्रोक इंजिनात वरचा कॅमशाफ्ट फिरवायला चेन लागते नाहीतर दंतचक्रं. चेन सैल होते, दंतचक्रं आवाज करतात. रोडरने दोन्ही टाळलं. सिलिंडरच्या कडेच्या बोगद्यातून दोन लांब दांडे वर जातात, खाली आणि वर विकेंद्री चकत्यांवर बसवलेले. जुन्या वाफेच्या रेल्वे इंजिनाच्या चाकांना जोडणारा दांडा जसा चालतो, तसेच हे चालतात. 'अल्ट्रामॅक्स' म्हणत त्याला. इंजिन तापलं की सिलिंडर उंच होतो, म्हणून वरच्या भागाला तेवढी हालचाल करायची मुभा ठेवली होती. आणि हे सगळं शर्यतीच्या गाडीत नाही, रोज कामाला जायच्या गाडीत. फ्रेम दाबलेल्या पत्र्याची, त्यामुळे बनवायला स्वस्त.

शर्यतींबद्दलही लिहायला हवं. १९५३ मध्ये वेर्नर हास १२५ आणि २५० या दोन्ही गटांत विश्वविजेता झाला, हे पद मिळवणारा पहिला जर्मन मोटरसायकलस्वार. १९५४ च्या टीटीत २५० च्या गटात पहिले चारही एनएसयूचे : हास, होलाउस, आर्मस्ट्राँग, म्युलर. होंडांनी पाहिलं ते हे. त्याच वर्षी सप्टेंबरात मोंझाच्या सरावात ऑस्ट्रियाचा रूपर्ट होलाउस पडला आणि गेला. १२५ चं विजेतेपद त्याने आधीच निश्चित केलं होतं, ते त्याला मरणोत्तर मिळालं. कंपनीने ताबडतोब संघ मागे घेतला आणि पुन्हा कारखान्याचा संघ कधी उतरवला नाही. तरी १९५५ ला म्युलरने खासगी स्वार म्हणून स्पोर्टमॅक्सवर, म्हणजे मॅक्सच्या शर्यतीच्या आवृत्तीवर, २५० चं विजेतेपद आणलं. त्याच स्पोर्टमॅक्सवर जॉन सर्टीस आणि माइक हेलवुड यांनी तरुणपणी शर्यती जिंकल्या.

हास १९५६ मध्ये छोट्या विमानाच्या अपघातात गेला. त्याच वर्षी विल्हेल्म हर्त्झने अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठागरावर ५०० सीसीच्या एनएसयूने ताशी ३३९ किमी गाठले. मोटरसायकलवर २०० मैलांचा आकडा पहिल्यांदा ओलांडला तो तिथे.

एवढं जिंकून दुचाकीतून अंग काढून घेणारी कंपनी मला तरी दुसरी माहीत नाही. चाकोरींशी पूर्ण सहमत.

निळावंती

मी हाइलब्रॉनजवळ राहते, नेकारझुल्म आमच्यापासून एका स्टेशनावर. गावात शिरलं की कारखानाच कारखाना. पाटी ऑडीची आहे. जुन्या गावात ट्यूटॉनिक सरदारांच्या वाड्यात दुचाकी आणि एनएसयूचं संग्रहालय आहे, १९५६ पासूनचं. म्हणजे कंपनी भरात असतानाच गावाने ते उघडलं होतं. जर्मनीत येणाऱ्यांनी श्टुटगार्टची दोन मोठी संग्रहालयं बघून परत न फिरता इथेही यावं.

मिसफायर यांचं इंजिनाबद्दलचं बरोबर असेल, पण गाडीबद्दलही कोणीतरी लिहायला हवं. आमच्या गल्लीत एकांकडे आरओ ८० आहे, रविवारी बाहेर निघते. आजच्या गाड्यांच्या रांगेत उभी केली तर ती ५०-५५ वर्षांपूर्वीची वाटत नाही. नाक खाली, शेपूट उंच, काचा मोठ्या. क्लाउस लूथेचं डिझाइन. चारही चाकांना डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, ओढ पुढच्या चाकांना. क्लचचं पायडलच नाही : गिअरच्या दांड्याच्या मुठीत स्विच आहे, हात टेकला की क्लच आपोआप सुटतो. त्यांनी मला एकदा चालवायला दिली, तेव्हा पहिली सूचना हीच केली की सवयीने हात मुठीवर ठेवून बसू नका. १९६८ ची युरोपातली 'कार ऑफ द इयर' हीच, हा मान मिळवणारी पहिली जर्मन गाडी.

आणि एक गोष्ट जी बाहेर फारशी कोणाला माहीत नसते. १९७४-७५ मध्ये तेलसंकटानंतर फोक्सवागन तोट्यात गेली आणि नेकारझुल्मचा कारखाना बंद करायचं घाटत होतं. १८ एप्रिल १९७५ ला हजारो कामगार कारखान्यातून निघाले आणि हाइलब्रॉनपर्यंत पायी गेले. आमचे घरमालक त्यात होते. तेव्हा ते पंचविशीत होते. ते सांगतात, रस्त्याच्या कडेला दुकानदारही बाहेर येऊन उभे होते, कारण कारखाना गेला तर त्यांचंही काही खरं नव्हतं. कारखाना वाचला. बरेच लोक कमी झाले, पण वाचला. मग पोर्शे ९२४ जोडायचं काम इथे आलं.

चाकोरी

सगळ्यांचे मनापासून आभार. निळावंती, मोर्चाबद्दल मी वाचलं होतं, पण दुकानदारांचा तपशील पहिल्यांदाच कळला.

@आडवाट, कड्या १९३२ च्या आहेत. ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्श आणि वांडरर या सॅक्सनीतल्या चार कंपन्या एकत्र येऊन ऑटो युनियन झाली, त्या या चार. एनएसयू आली ती १९६९ मध्ये. तेव्हा ऑटो युनियन फोक्सवागनच्या मालकीची होती, आणि विलीन कंपनीचं नाव झालं 'ऑडी एनएसयू ऑटो युनियन'. पाचवी कडी कोणी जोडली नाही. मुख्यालय मात्र १९८५ पर्यंत नेकारझुल्मलाच होतं. त्या वर्षी नाव नुसतं ऑडी झालं आणि मुख्यालय इंगोलश्टाटला गेलं. एनएसयू ही अक्षरं तिथे कायमची संपली. गाड्यांवरून ती आधीच गेली होती, शेवटची आरओ ८० १९७७ ची. दहा वर्षांत ३७ हजारांच्या आसपास गाड्या, बस.

@मिसफायर, सीलांबद्दल तुमच्याशी वाद नाहीच. पण रोगी त्या आजारात का दगावला हा माझा प्रश्न आहे. माझदाने त्याच एनएसयूकडून १९६१ मध्ये परवाना घेतला. केनिची यामामोटोंच्या गटाने सीलांच्या एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षं डोकं लावलं, कार्बन-अ‍ॅल्युमिनियमची सीलं केली. त्यांची वांकेलवाली कॉस्मो १९६७ च्या मे महिन्यात विक्रीला आली, आरओ ८० च्या काही महिने आधी. अगदी थोड्या गाड्या, महाग, हौशी गिऱ्हाइकांसाठी. बाकी घर ट्रकवर आणि साध्या गाड्यांवर चालत होतं. एनएसयूकडे १९६७ ला काय होतं? एका टोकाला छोट्या प्रिन्स, दुसऱ्या टोकाला आरओ ८०. मधे मोकळं मैदान. दुचाकींचा पैसा बंद झालेला.

मधली गाडी तयार होत होती. के ७०, साधं पिस्टनचं इंजिन, पुढच्या चाकांना ओढ, पाण्याने थंड होणारी, ऐसपैस. १९६९ च्या मार्चमध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात ती एनएसयू म्हणून मांडली जायची होती. विलीनीकरण ठरलं आणि ऐन वेळी मागे घेतली गेली. १९७० मध्ये फोक्सवागनच्या नावाने विकली गेली, फोक्सवागनची पहिली पाण्याने थंड होणारी पुढच्या ओढीची गाडी. पुढे पसाट आणि गोल्फ आल्या. बीटलच्या पलीकडे काय करायचं हे ज्या फोक्सवागनला सुचत नव्हतं, तिला नेकारझुल्मच्या माणसांनी तयार केलेली गाडी आयती मिळाली. के ७० आधी आणि आरओ ८० नंतर, असा क्रम असता तर वॉरंटीचा खर्च सोसण्याची ताकद कंपनीत असती असं मला वाटतं.

@ओव्हरहॉल, मॅक्सवर तुम्हीच स्वतंत्र धागा काढा. माझ्याने तो न्याय होणार नाही.

मिसफायर

के ७० चा मुद्दा मान्य, वजनदार आहे. तरीही एक. १९७३ चं तेलसंकट आलं तेव्हा आरओ ८० लिटरला सहा-सात किलोमीटर द्यायची. सीलं तोवर बरीच सुधारली होती. म्हणजे विश्वासार्हता कमावली तेव्हा पेट्रोल महागलं. सित्रोएनने एनएसयूबरोबर 'कोमोटर' ही कंपनी काढून जीएस बिरोटर ही वांकेलवाली गाडी आणली तीही नेमकी १९७३ मध्ये. जनरल मोटर्ससकट डझनावारी कंपन्यांनी परवान्याचे पैसे भरले आणि एकेकाने विषय सोडला. टिकली ती एकटी माझदा, १९९१ ला ल मांची २४ तासांची शर्यत जिंकेपर्यंत.

आडवाट

कड्यांचं उत्तर मिळालं, धन्यवाद. अजून एक. फियाटला विकलेल्या हाइलब्रॉनच्या कारखान्याचं पुढे काय झालं?

चाकोरी

ते प्रकरण आपल्याला जवळचं आहे. तिथे फियाटच्या गाड्या 'एनएसयू-फियाट' या नावाने बनत राहिल्या. १९५७ ला खरी एनएसयू पुन्हा मोटारींत आल्यावर नावावरून दोघांत भांडण लागलं, आणि शेवटी हाइलब्रॉनच्या गाड्यांना 'नेकार' हे नाव घ्यावं लागलं. फियाट ११०० तिथे नेकार नावाने बनली. त्याच ११०० ची डी आवृत्ती मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरने घेतली आणि १९७० च्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. हाइलब्रॉनच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात कोणी नेकार ११०० घेऊन आलं तर मुंबईकर माणूस ती लांबून ओळखेल.

निळावंती

पुढच्या मेळाव्याला जाणार आहे. नेकार दिसली तर फोटो याच धाग्यावर टाकते, बॉनेट उघडूनही.